हीटर प्लग मोडल्यावर

चाळीसगावच्या उन्हाळ्यात डिझेलची गाडी हीटर प्लगशिवायही सुरू होते, आणि माझ्या मते खोट नेमकी तिथंच आहे. आठ-नऊ महिने त्याची कुणाला आठवण नसते. थंडीत पहाटे पिकअप पांढरा धूर ओकत कुरकुरायला लागली, की मग पाना शोधला जातो. तोवर प्लगच्या टोकाभोवती काजळी कडक बसलेली असते, आटे जाम झालेले असतात. १० मिलिमीटर आट्यांचा प्लग सोडवताना साधारण ३५ न्यूटन-मीटरपुढे जोर लावू नये, असं प्लग बनवणारेच सांगतात. पान्याला पाइप जोडला, की ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतच नाही. हाती येतो तो नुसता षटकोन.

इंजिन गरम करा, तेल मुरू द्या, थोडं सैल, थोडं परत घट्ट, यात वेळ जातो हा आक्षेप खराच. कन्नड घाटाकडे निघालेल्या भाजीच्या पिकअपला रात्रभर थांबणं परवडत नाही. पण प्लग मोडला तर बुडख्यात मधोमध ड्रिल मारायचं, तेही ॲल्युमिनियमच्या हेडला धक्का न लावता, बिटला ग्रीस चोपडून, म्हणजे कीस त्याला चिकटतो. टोक आत निसटलं तर बहुधा हेडच उतरवावं लागतं. ‘राहू द्या, गाडी चालतेय ना!’ असंही कुणी म्हणेल. बुडख्यातून हवा गळत नसेल तर चार दिवस चालेलही. मात्र टोक फुगलेलं असेल, तर ते पिस्टनवर पडायची वाट बघत घाट चढण्यापेक्षा भाजी दुसऱ्या गाडीत भरलेली स्वस्त.