आत्याचं लंडन

आमची आत्या वेम्बलीत राहायची. बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज वगैरे बडी मंडळी तिने मला एका दिवसात उरकून दाखवली. “झालं? आता घरी फोटो दाखवायला मोकळा झालास. उद्यापासून आपलं लंडन बघू,” म्हणाली.

ही १९९१ची दिवाळी. ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं तासभर मागे सरकली होती, त्यामुळे दुपारच्या चहाचे कप विसळेपर्यंत बाहेर मिट्ट काळोख. म्हणून सकाळीच निघायचं. बेकरलू लाइनच्या डब्यात सगळे पेपरात डोकं खुपसून गप्प बसलेले, आणि आत्या मात्र पुण्याच्या वाड्यात बोलावं तशा आवाजात मला भाऊबंदकीच्या हकिगती सांगायची. “बोलू दे रे, कुणाला कळतंय इथे!”

वॉरिक अव्हेन्यूला उतरून आम्ही हाउली प्लेसला गेलो. दहा नंबरच्या घरावर टिळकांच्या नावाची पाटी. ब्रिटिश पत्रकार चिरोलवर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते १९१८ साली लंडनला आले, १९१९ साली खटला हरले आणि खर्चात पार बुडाले. जवळच कालवा आहे, त्यात लांबट होड्या बांधून माणसं चक्क संसार करतात. एका होडीच्या टपावर कोथिंबिरीसारखं काहीतरी लावलेलं आत्याने हेरलं आणि टिळकांना तिथेच सोडून ती कुंडीकडे वळली.

हायगेटची चढण मात्र दमवणारी. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ साली काढलेलं भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह, इंडिया हाउस, तिथलंच, क्रॉमवेल अव्हेन्यूवर. सावरकर तिथेच राहिले, त्या घरावर १९८५ साली पाटी लागली. टेकडीच्या अलीकडे स्मशानभूमीत कार्ल मार्क्स. आत्याने दोघांनाही त्याच भक्तिभावाने नमस्कार केला. तिचं राजकारण मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण खरी मजा ईलिंग रोडवर. दुकानदार बहुतेक गुजराती. इदी अमीनने १९७२ साली युगांडातून हाकलल्यावर इथे येऊन उभे राहिलेलेही त्यांत पुष्कळ. आत्या पुण्यात असताना गुजरातीचा एक शब्द बोलत नव्हती, इथे मेथीच्या जुडीवरून अस्खलित घासाघीस करायची. पातळावर ओव्हरकोट, पायांत लोकरी मोजे, हातात चाकांची पिशवी.

चकल्या तिने मागच्या अंगणात तळल्या. घरात तळल्या तर वास महिनाभर पडद्यांतून आणि गालिच्यांतून जात नाही, शिवाय धुराचा भोंगा बोंबलतो तो वेगळाच. कॅम्पिंगच्या छोट्या शेगडीवर कढई, पुण्याहून आणलेला पितळी सोऱ्या, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून छत्री धरून मी उभा. तेल गारठ्यात तापेना. पहिला घाणा मऊच झाला. कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या बाईंनी नेमका तोच चाखला आणि वर आणखी मागितला.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आलं ५ नोव्हेंबरला. १६०५ साली पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सचा कट फसला, त्याच्या आठवणीत इंग्रज त्याच रात्री फटाके उडवतात. अख्ख्या वेम्बलीचं आभाळ उजळलं होतं, आणि निम्म्या इंग्रजांनी नकळत आमची दिवाळी साजरी केली. आत्या दारात पणती ठेवत म्हणाली, “बघ, राणीच्या खर्चाने!”

आमच्या भटकंतीतलं किंग हेन्रीज रोडचं दहा नंबरचं घर मात्र आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं, कारण तेव्हा ते खाजगी होतं. १९२१-२२ साली बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत आणि दिवस दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात काढत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे आणि आत जाता येतं. लंडनला तुमचं कुणी असेल तर त्यांना आधी तिकडे न्यायला सांगा. चॉक फार्म स्टेशनला उतरायचं, तिथून चालत जवळ आहे.