उजवा तपकिरी, डावा तपकिरी

कमी पैशात जुनी अमेरिकन नाणी जमवायची म्हणजे झीज पत्करायची. न्यू जर्सी राज्याने १७८६ ते १७८८ या सालांची तांब्याची नाणी पाडून घेतली, त्यांवर घोडा, नांगर आणि ढाल. त्यांतलं एखादं नेहमीच्या साच्याचं, घोड्याची आयाळ पुसलेलं नाणं आजही शंभर डॉलरच्या आसपास मिळतं. आयाळ शाबूत हवी असेल तर कितीतरी पट मोजावे लागतात. मी मोजत नाही. माझी अट एकच आहे. झिजलेलं चालेल, घासलेलं चालणार नाही. आणि कोरीवकामच जिथे फारसं उरलेलं नाही, तिथे घासलं की नाही हे रंगाशिवाय कोण सांगणार?

गेल्या उन्हाळ्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पिवळं पडलेलं भिंग गेलं की इतकी वर्षं अडून राहिलेला निळा पुन्हा दिसू लागतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. भिंती निळसर झाल्या, त्याचं काही वाटलं नाही. पण नाण्यांचा ट्रे काढून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, तेव्हा प्रत्येक नाण्याला दोन रंग निघाले. डाव्या डोळ्याला काथी दिसणारं नाणं उजव्याला जांभळट दिसत होतं. डाव्याला विटकरी दिसणारं उजव्याला जवळजवळ गुलाबी.

हे गुलाबी आणि निळं आमच्यासाठी साधं प्रकरण नाही. घासलेलं तांबं गुलाबी पडतं. ते लपवायला विकणारा गंधकाचं मलम चोळून पुन्हा तपकिरी रंग चढवतो, आणि अशा चढवलेल्या रंगात बरेचदा एक राखाडी निळी छाया राहते. पण दोनशे वर्षं पेटीत, खिशात, दुकानाच्या गल्ल्यात आपसूक धरलेल्या रंगातही निळसरपणा असतो. डाव्या डोळ्याला ही छाया कधी दिसलीच नाही, तरी त्याच डोळ्याच्या भरवशावर मी इतकी वर्षं नाणी निवडली. मग तो नेमकं काय पाहत होता?

उत्तरेच्या खिडकीशी बसून याचाच छडा लावायचा प्रयत्न केला. माझ्या लक्षात आलं ते असं की डावा डोळा रंग पाहतच नव्हता, रंगातली पायरी पाहत होता. ढालीच्या कडा, घोड्याचा गाल, जिथे बोटं लागत राहिली तिथे तांबं फिकं. अक्षरांच्या कुशीत, नांगराच्या फाळाखाली गडद. चढवलेला रंग मात्र वर-खाली एकसारखा बसतो. ही पायरी दोन्ही डोळ्यांना तितकीच दिसते. शेतातून खणून काढलेल्या, खतांनी खाल्लेल्या नाण्यांवर ती सापडत नाही, पण ती मी घेतही नाही.

पायरीचा हा नियम फसतो तो नेमका माझ्या सर्वांत लाडक्या नाण्यावर. ‘कॅमल हेड’ म्हणजे या नाण्यांच्या साच्यांची यादी लावणाऱ्या मॅरिसच्या क्रमाने ५६-एन, साल १७८७, घोड्याचं तोंड उंटासारखं. ही नाणी बरेचदा कोऱ्या चकतीवर पाडलेली नाहीत. न्यू जर्सीच्या कायद्याने पंधरा नाण्यांना एक शिलिंग असा भाव बांधून दिला होता. कनेक्टिकटच्या नाण्यांचा भाव पडला, तेव्हा तीच नाणी घेऊन त्यांच्यावर घोडा आणि नांगर ठोकला गेला. त्यामुळे १५० ग्रेन या ठरलेल्या वजनात ती बहुधा कमी भरतात. खालचा जुना चेहरा पूर्ण दबत नाही. मोकळ्या जागेत उंचवटे राहतात, कुशीत कडा येतात, आणि फिकं कुठे असावं, गडद कुठे, याचा हिशेबच मोडतो. माझ्या नाण्यात जबड्याखाली कनेक्टिकटच्या लेखातली दोन अक्षरं डोकावतात. त्यांच्याभोवतीची पट्टी उजव्या डोळ्याला निळी दिसते आणि डाव्याला दिसतच नाही. कुणी रंग चोळताना तो खोलगटात साचला, की दोन ठोक्यांमध्ये दबलेल्या धातूने वेगळा रंग धरला? भिंगाखाली, तिरप्या उजेडात, ढगाळ दिवशी, सगळं करून झालं.

अर्ध्यामुर्ध्या अक्षरांवरून खालचं नाणं ओळखायची सवय मला पुण्याच्या जुन्या बाजारात शिवराया चाळताना लागली. शिवराईचा साचा चकतीहून मोठा. ‘श्री राजा शिव’ एका नाण्यावर पूर्ण बसलेलं क्वचितच दिसतं. वेलांटीच्या शेपटावरून शब्द लावायचा. न्यू जर्सीत ते कामी आलं, आणि नांगरही कामी आला. फिलाडेल्फियाच्या डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी १८८१ साली या नाण्यांचे साचे लावले. दर्शनी बाजूला आकडा, मागच्या बाजूला अक्षर. ते ओळखताना इथली अमेरिकन मंडळी घोड्याकडे बघतात. मी रुमण्याचा बाक बघतो, कारण तसं रुमणं मी लहानपणी हातात धरलं आहे. जमवणाऱ्यांच्या बैठकीत कुणी माझ्या तळव्यावर नाणं ठेवलं आणि मी भिंग न लावता मॅरिसचा क्रमांक सांगितला की टेबलाभोवती सगळे गप्प होत. त्या गप्प होण्याची मला चटक होती, अजून आहे. कधी कधी सोपं नाणं आधी येईल अशी जागा धरून मी बसलो आहे.

आता अशी बैठक भरली तरी निम्मी नाणी प्लॅस्टिकच्या डबीत बंद असतात, कोपऱ्यात दर्जाचा आकडा. सत्तरपर्यंतची ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या मोठ्या सेंटांच्या किमतींचा मेळ लावायला काढली, आणि आज ती बहुतेक नाण्यांना लावतात. डबीतल्या नाण्याचा कडेचा स्पर्श जातो, वजनाचा अंदाज जातो, आणि रंगावर प्लॅस्टिकची चकाकी पसरते. नवे लोक फोनवरच्या उजळवलेल्या फोटोवरून आकडा विकत घेतात. हे संग्रह करणं नव्हे, असं मी त्यांना तोंडावर सांगतो. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला तर नाणं उघडं हातात मिळालंच पाहिजे. श्रीमंताला आकडा परवडतो. आम्हाला चुकीचं नाणं परवडत नाही.

डाव्या डोळ्याची तारीख मिळाली होती, ती मी पुढे ढकलली आहे. माझ्या वह्यांत प्रत्येक नाण्याचा रंग मराठीत लिहिलेला आहे, सगळा त्याच डोळ्याने पाहिलेला. तो डोळा आहे तोवर प्रत्येक नोंदीशेजारी उजव्याला काय दिसतं ते लिहून काढायचं आहे, नाहीतर जुन्या नोंदी मलाच वाचता येणार नाहीत. उशीर केला तर मोतीबिंदू कडक होतो, असं डॉक्टर म्हणतात. घरात यावरून रोज बोलणी बसतात. काम बरंच उरलं आहे, आणि ज्या नाण्यांची शंका आहे त्यांतलं एकही मी तोवर विकणार नाही.