आमच्या संगणकाचें बिऱ्हाड

सन २०२५ च्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक बिऱ्हाड हललें. घर तेंच, माणसें तींच. हलला तो आमचा जुना संगणक. तो सन २०१२ चा. सुरू होण्यास इतका वेळ घेई, कीं तेवढ्यांत आईचा चहा होई. त्यांतच, त्यावरील ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमींची विनामूल्य डागडुजी १४ ऑक्टोबर रोजीं थांबली, आणि पुढची प्रणाली पेलण्याचें बळ त्या यंत्रांत नव्हतें. तेव्हां बाबांनीं सुटे भाग जुळवून नवा संगणक सिद्ध केला व जुना मोडींत काढण्याचें ठरविलें.

परंतु त्या जुन्या यंत्रांत आजोबा होते, असें म्हटलें तरी चालेल. निवृत्तीनंतर त्यांनीं आपल्या बाळपणच्या गांवाच्या आठवणी त्यावरच टंकिल्या होत्या. त्यांना जाऊन दोन वर्षें झालीं. बाबांनीं तें लिखाण पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे उघडलें, तों मराठीचें नांवहि दिसेना. इंग्रजी अक्षरें व कंस यांची नुसती खिचडी! कारण असें, कीं आजोबांचा फाँट जुन्या पद्धतीचा. अशा फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेल्या असतात. तो फाँट नसेल तेथें खालचीं इंग्रजी अक्षरें उघडीं पडतात. आणि ज्या सीडीवरून तो चढविला, ती केव्हांच हरवली होती.

“वहींत लिहिलें असतें, तर ट्रंकेंत राहिलें असतें,” आजी एवढेंच म्हणाली.

मग ताईनें उपाय काढला. एकेक जिन्नस न नेतां सारें घरच उचलून न्यावें. म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, जिला क्लोन म्हणतात ती, नव्या डिस्कवर उतरावी. नवी डिस्क एका डबींत बसवून आम्हीं ती जुन्या यंत्रास यूएसबीनें जोडली. पडद्यावर दोन आंकडे दिसले, ४६५ व ४७६. डिस्क होत्या ५०० व ५१२ जीबीच्या. पण संगणक हजारानें न मोजतां १०२४ नें मोजतो, म्हणून आंकडे उतरतात. आम्हीं उतावळेपणानें ४७६ हीच ‘मूळ’ म्हणून निवडली. ताईनें आमचा हात धरला. बटण दाबलें असतें, तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर उतरली असती आणि आजोबांची ओळ न् ओळ पुसली गेली असती. त्या क्षणीं आमच्या अंगास जो घाम सुटला, तो आम्ही विसरणार नाहीं.

तीन तासांनीं प्रत पुरी झाली. डिस्क नव्या यंत्रांत बसविली, कळ दाबली. पण यंत्रास प्रणाली सांपडेना. “प्रत बिघडली,” बाबा म्हणाले. प्रत बिघडली नव्हती. उलट ती फार इमानी होती. जुन्या डिस्कची मांडणी सन १९८३ पासून चालत आलेल्या ‘एमबीआर’ पद्धतीची. नवा संगणक ‘यूईएफआय’ पद्धतीनें उठणारा. त्यास ‘जीपीटी’ मांडणी व आरंभासाठीं एक निराळा लहानसा विभाग हवा होता. घर जसेंच्या तसें आणलें, पण त्याचें दार जुन्या रस्त्याकडेच राहिलें! सुदैवानें सन २०१७ पासून विंडोजबरोबरच ‘एमबीआर२जीपीटी’ नांवाचें साधन मिळतें. पेनड्राइव्हवरून यंत्र उठवून ताईनें तें चालविलें. आंतील मजकुरास धक्का न लागतां मांडणी बदलली, आणि दुसऱ्या खेपेस यंत्र उठलें. परवाना मात्र जुन्या मदरबोर्डाशीं बांधलेला. तो नवा घ्यावा लागला. पुढें नवी प्रणालीहि चढविली.

आजोबांचें लिखाण उघडलें. स्वच्छ मराठी! तरी ताई म्हणाली, “आज वांचलें, पुढच्या बिऱ्हाडाच्या वेळीं काय?” म्हणून आम्हीं तें सारें युनिकोडमध्यें आणलें. युनिकोडांत देवनागरी सन १९९१ पासून आहे, आणि तेथें ‘क’ हा कोणत्याहि फाँटांत ‘क’च राहतो. या बदलांत रफार व ऱ्हस्व इकार आपापली जागा सोडीत. ते ताळ्यावर आणण्यासाठीं रोज रात्रीं ताई मोठ्यानें वाची व आम्ही दुरुस्त करूं. आजी ऐकत बसे, आणि अडलेला शब्द सांगे. एकदां तर तिनें आजोबांचीच चूक काढली. “विहीर वाड्याच्या मागें नव्हती, पुढें होती,” ती म्हणाली, आणि बराच वेळ गप्प राहिली.

जुनी डिस्क आम्हीं अजून पुसलेली नाहीं. मित्रहो, प्रत काढली म्हणजे काम झालें, असें समजूं नका. ती उघडून शेवटपर्यंत वाचा, आणि तोंवर मूळास हात लावूं नका. आमच्या आजोबांच्या आठवणींची एक छापील प्रत आतां आजीच्या ट्रंकेंत आहे. विहीर वाड्याच्या पुढें असल्याची टीप तिच्यांत आम्हीं घातली आहे.