रात्रीपुरतं छप्पर

जपानात सूर्य मावळला की शिकाऱ्याची बंदूक कायद्यानेच मुकी होते. उजाडेपर्यंत गोळी झाडायची नाही. माझा एक मित्र होक्काइदोतल्या ओबिहिरोला असतो. जनावरांचा डॉक्टर, मूळचा चंद्रपूरचा. शिकारीच्या परवान्याचा अभ्यास करताना त्याने हा नियम वाचला आणि फोन केला. "अगं, ऑक्टोबर सरताना इथं साडेचारच्या आत अंधार पडतो. मग उजाडेपर्यंत डोंगरात करायचं काय, आणि झोपायचं कशाखाली? तू डोंगर हिंडतेस, हलक्यात हलकं काय घेऊ ते सांग."

नाव आणि वजन सांगून मोकळं होता आलं असतं. पण ती तेरा तासांची रात्र माझ्या डोक्यात घर करून बसली.

जपानातले बहुतेक शिकारी रात्री घरी परततात. छोटा ट्रक, मागे कुत्री, हातात वॉकीटॉकी; दहाबारा जण डोंगराला वेढा घालतात, हाकारे जनावर उठवतात, संध्याकाळी गावात मांसाचे वाटे पडतात. पाठीवर बिऱ्हाड घेऊन एकटे आत जाणारे थोडे. त्यांच्यातलं सगळ्यात ठाऊक असलेलं नाव हात्तोरी बुनशो यांचं. 1996 मध्ये त्यांनी के-टू सर केलं आणि नंतर उलट्या दिशेने निघाले: तंबू नाही, चूल नाही, विजेरी नाही. तांदूळ आणि मसाले पाठीवर, बाकी ओढ्यातले मासे, रानभाज्या, पुढे बंदूक घेतल्यावर हरणं. निजायला डोक्यावर एक पाल. त्यांचं 'सबाइबारु तोझानका' हे पुस्तक 2006 साली आलं. त्यांच्या हट्टातला काही भाग मला पटत नाही. अंधारात वाट चुकणाऱ्याने विजेरी बाळगावी असं माझं ठाम मत आहे. पण पालाच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे.

कारण बंदूक. दिवसभर थंडीत फिरलेलं लोखंड माणसांच्या श्वासाने दमट झालेल्या तंबूत आणलं की त्यावर दव धरतं. पहाटे बाहेर काढलं की तेच पाणी खटक्यात आणि दुर्बिणीच्या काचेवर गोठतं. बंदूक बाहेर ठेवून आत झोपावं म्हटलं तर जपानचा कायदा तिला क्षणभरही बेवारस सोडू देत नाही. पालाखाली हा प्रश्न उरत नाही; तिथली हवा म्हणजे बाहेरचीच हवा. शिवाय पालासमोर शेकोटी पेटवता येते. मात्र ते विणलेल्या साध्या कापडाचं हवं. हल्ली डायनिमाच्या पातळ पापुद्र्यांची पालं निघाली आहेत. वजन जवळजवळ नाहीच, पाणी शोषत नाहीत, भिजून सैल पडत नाहीत, किंमत मात्र डोळे फिरवणारी. आणि लाकडाची एक ठिणगी त्यावर पडली की भोक. नायलॉन भिजलं की सैल पडतं, रात्री उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर थोडं जड, पण लावलं तसं राहतं. मला पॉलिएस्टर आवडतं. झोप मोडणारी बचत मला नको.

जपानी गिर्यारोहकांचा खरा लाडका प्रकार वेगळाच आहे, 'त्सुएरुतो'. आल्प्समधून आलेली कल्पना, आल्प्समध्ये ती आता फारशी दिसत नाही, पण इथे रुजली. दोन झाडांमध्ये किंवा दोन काठ्यांवर उभं राहणारं पातळ घडीचं छप्पर, तळ मधोमध उघडा. वादळात उभं करायला सवड नसेल तर तसंच अंगावर ओढून आत बसायचं. मुठीत मावतं, वजन पाण्याच्या अर्ध्या लिटरहून कमी. तोक्योतल्या जिम्बोचोजवळच्या दुकानांत त्याच्या पुरचुंड्या टांगलेल्या असतात. मी ते बाळगते, पण त्यात राहायला जात नाही. जपान समुद्रावरून ओल पिऊन आलेला सैबेरियाचा वारा होन्शूच्या पश्चिम उतारावर जो बर्फ टाकतो तो ओला, जड, शून्याच्या आसपासचा. असल्या हवेत एकपदरी कापडाच्या आत सकाळपर्यंत माणसाच्या श्वासाचाच पाऊस पडतो.

मातागींनी, म्हणजे उत्तर जपानच्या परंपरागत शिकाऱ्यांनी, यातलं काहीच पाहिलं नव्हतं. अकिता प्रांतातलं आनी हे त्यांचं माहेर. नेक्को, उत्तो, हिताचिनाई ही गावं. वसंतात बर्फ घट्ट झाला की ते अस्वलाच्या मागावर निघत, पार निइगाता, नागानोच्या डोंगरांपर्यंत. 1828 साली सुझुकी बोकुशी नावाचा एचिगोचा व्यापारी-लेखक आकियामागोच्या दुर्गम खोऱ्यात गेला, तेव्हा त्याला असाच अकिताचा एक शिकारी भेटला, आणि बोकुशीने त्याला खोदून खोदून विचारलं. लेखकाने असं कुतूहल ठेवावं. डोंगरात मातागींची रात्र जायची लाकडी खोपटात, कपारीत किंवा मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, अंगाखाली कामोशिकाचं कातडं घालून. हा शेळीच्या कुळातला रानटी प्राणी 1934 पासून संरक्षित आहे, 1955 पासून अधिकच. डोंगरात शिरल्यावर गावातली बोली बंद. अस्वलालाही दुसरंच नाव. पर्वताची देवी दिसायला ओबडधोबड आणि बायकांचा मत्सर करणारी, म्हणून बायकांना बंदी. तिला खूश करायला ओकोझे नावाचा तिच्याहून कुरूप, वाळवलेला मासा बरोबर घ्यायचा. बंदी मला मान्य नाही, पण ती देवी मला प्रिय आहे.

होक्काइदोच्या मूळ रहिवासी आइनू लोकांचं शिकारीचं खोपट, 'कुचा', दांडे एकमेकांवर रेलून, वर फरच्या फांद्या किंवा साल घालून होई. मध्ये आग. पाठीवर वाहायचं काहीच नाही, कुऱ्हाड आणि रान पुरे.

मित्राला मी हे सगळं सांगत होते, तेव्हा तो मध्येच म्हणाला, "माझ्या खिडकीतून हिदाकाचे डोंगर दिसतात." मग आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प झालो, कारण हिदाका म्हटलं की इथल्या डोंगर हिंडणाऱ्यांना एकच गोष्ट आठवते.

1970 चा जुलै. फुकुओका विद्यापीठाच्या भटकंती मंडळाचे पाच विद्यार्थी देशाच्या दक्षिण टोकाकडून होक्काइदोला आले आणि हिदाकाची धार उत्तरेकडून चालू लागले. 25 तारखेला त्यांनी कामुइएकुउचिकाउशी या 1979 मीटरच्या शिखराजवळ, हिमनदीने कोरलेल्या खोलगट जागेत तंबू ठोकला. दुपारी तपकिरी अस्वल आलं. मुलं क्यूशूची, तिथे अस्वलं नाहीत. ती त्याच्याकडे पाहत राहिली, फोटोही काढले. अस्वल बाहेर ठेवलेल्या पाठपिशव्या उचकटून अन्न खाऊ लागलं, तेव्हा संधी साधून त्यांनी पिशव्या परत आत घेतल्या, आग पेटवली, रेडिओ मोठ्याने लावला. होक्काइदोचा कुठलाही जुना शिकारी हे ऐकताना इथे डोळे मिटतो. अस्वलाने एकदा तोंड लावलेली वस्तू अस्वलाची असते. ती उचलणारा त्याच्या लेखी चोर.

रात्री नऊच्या सुमारास ते परत आलं आणि तंबूला मुठीएवढं भोक पाडून गेलं. मुलांनी पाळीपाळीने जागून रात्र काढली. पहाटे पुन्हा. या वेळी त्याने कापड धरून ओढायला सुरुवात केली, आणि आतून पाच जण तेच कापड घट्ट धरून राहिले. एका बाजूला अस्वल, एका बाजूला पाच पोरं, मध्ये एक पडदा. मग ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पळाली. दोघांना मदत मागायला खाली धाडलं. त्यांना होक्काइदोच्याच एका विद्यापीठाची, त्याच अस्वलाने पिटाळलेली टोळी भेटली. निरोप त्यांच्याकडे देऊन हे दोघे अन्न आणि इंधन घेऊन परत वर मित्रांकडे गेले. मला या कथेत सगळ्यात जास्त हेच थांबवतं. ते खाली उतरू शकले असते. त्यांनी फाटका तंबू शिवला आणि धारेवर पुन्हा उभा केला. संध्याकाळी अस्वल तिथेही आलं. आता शेजारच्या खोलगटात तोत्तोरी विद्यापीठाच्या मुलांचा तळ आहे, तिकडे जाऊ म्हणून ते निघाले, आणि उतरताना त्याने गाठलं. एकजण गेला. एकजण धुक्या-अंधारात चुकला.

तो चुकलेला मुलगा तोत्तोरीच्या तळापर्यंत पोचला. तिथली मुलं मदत आणायला निघून गेली होती. तंबू उभे, आत झोपायच्या पिशव्या तशाच. तो त्यातल्या एकीत शिरला आणि वही काढून लिहू लागला. प्रत्येक नोंदीपुढे वेळ. बाहेर काय ऐकू येतंय, बाकीचे पोचले असतील का, आता निघावं की थांबावं. 27 तारखेच्या सकाळपर्यंत त्या नोंदी आहेत. अक्षर शेवटी थरथरलेलं आहे. परक्या माणसांचं कापड त्याला एक रात्र आणि एक सकाळ देऊ शकलं. पाचांपैकी दोघेच गावात पोचले. 29 तारखेला शिकाऱ्यांनी अस्वल मारलं. नाकासात्सुनाई गावच्या केंद्रात ते पेंढा भरून ठेवलेलं आहे. काय पोरं असतील ती, असं मनात येतं. भोक पडलेला तंबू टाकून न देता शिवत बसलेली.

मी पालाकडे झुकते त्यात या गोष्टीचाही भाग आहे. बंद तंबूने त्या पाच जणांचं रक्षण केलं नाही. त्याने फक्त बाहेरचं दिसू दिलं नाही. पालाखाली माणसाला चारही दिशा दिसतात. पण याच्या उलट, त्या एकट्या मुलाला आत शिरून चेन ओढून घ्यायला काहीतरी होतं हेही खरं, आणि उघड्या पालाखाली त्याने ती वही लिहिली असती असं मला वाटत नाही. हे दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी असतं.

मित्राला मी एवढं मात्र ठासून सांगितलं: मांस जिथे सोललं तिथे झोपायचं नाही. होक्काइदोच्या शिका हरणाचा नर शंभर किलोच्या पुढे जातो. एका खेपेत उतरत नाही, आणि रात्रभर त्याचा वास वाऱ्यावर असतो. पाल तीव्र उताराचं लाव, म्हणजे बर्फ घसरून जाईल. दोऱ्या लांब घे. पाठीवरचं वजन कमी करायचं ते एवढ्यासाठीच, की खाली येताना मांस जास्त आणता यावं. त्याला अजून वेळ आहे. रायफलीचा परवाना मिळायला इथे साधारणपणे आधी दहा वर्षं छऱ्यांची बंदूक बाळगावी लागते. सरकारला मात्र घाई आहे. हरणं आणि रानडुकरं निम्मी करायचं त्यांनी 2013 मध्येच ठरवलं, शिकारी म्हातारे होत चाललेत, नवे हवेत.

"आमच्या गावाबाहेर पारध्यांची पालं पडायची," तो म्हणाला. "तित्तर-लावे विकायला यायचे. आजी म्हणायची, त्यांच्या पोरांना जमिनीवरचं सगळं वाचता येतं."

वाचता येतं, यात शंका नाही. फासेपारध्यांचा फास, गायपारध्यांची शिकवलेली गाय, जिच्या आडून ते हरणाजवळ सरकत. यातलं ज्ञान मातागींच्या ज्ञानाहून कणभरही कमी नाही. पारध्यांच्या वाट्याला मात्र इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आली, 1952 मध्ये ते कुंपण सुटलं तरी पोलिसांचा संशय सुटला नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने उरलीसुरली शिकारही गेली. रानाच्या दृष्टीने तो कायदा हवाच होता, तो नसता तर आज माळढोक आणि काळवीट कुठे असते? पण ज्यांची विद्या काढून घेतली त्यांना बदल्यात काय दिलं, हे विचारायला हवं. आनीत मातागींचं संग्रहालय आहे. भाले, सुरे, कातडी, मंत्रांच्या गुंडाळ्या नीट जपलेल्या. सोलापुरात त्या सेटलमेंटच्या जागेवर असंच एक व्हावं, त्यात फाशांची माळ असावी, एक पाल ताणून उभं करावं, आणि ते कसं ताणायचं हे दाखवायला एखादी पारधी आजी पगारावर असावी.