क्रौंच उडून गेले

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. चित्रपट म्हणजे जेवता जेवता टीव्हीवर पाहायची गोष्ट, एवढीच माझी समजूत. वाङ्मय मंडळाने ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ हा रशियन चित्रपट लावला, तेव्हा मैत्रिणीच्या आग्रहाखातर मी जाऊन बसले. मिखाईल कलातोझोव्ह यांचा हा 1957 सालचा कृष्णधवल चित्रपट. 1958 मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, असे सरांनी सुरुवातीला सांगितले.

मॉस्कोच्या आकाशात क्रौंच उडत असतात आणि खाली वेरोनिका व बोरिस हातात हात घालून हिंडत असतात. जून 1941 मध्ये जर्मनी रशियावर हल्ला करते. बोरिस आपणहून सैन्यात नाव देतो. निरोपाला वेरोनिका पोचते, पण गर्दीत तो तिला सापडतच नाही. तिने फेकलेला खाऊचा पुडा फुटतो आणि कूच करणाऱ्या पायांखाली तुडवला जातो. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आले.

पुढे बोरिस दलदलीत गोळी लागून कोसळतो. त्याच्या डोळ्यांसमोर बर्चची झाडे गरगर फिरतात आणि कधीच न होणारे लग्न त्याला दिसते. वेरोनिकाला यातले काही कळत नाही. बॉम्बहल्ल्यात तिचे आईवडील जातात. अशाच एका रात्री बोरिसचा चुलतभाऊ मार्क तिच्यावर बळजबरी करतो आणि खचलेली वेरोनिका त्याच्याशी लग्न करते.

इथे आमच्या मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, “बघा, थांबली का?” सारे हसले. खोटे कशाला बोलू? मीही हसले.

पुढे इस्पितळातला एक प्रसंग आहे. एका जखमी सैनिकाला त्याच्या वाग्दत्त वधूने सोडलेले असते. बोरिसचे वडील, डॉक्टर, त्याची समजूत घालताना वाट न पाहणाऱ्या बायकांना सर्वांदेखत दूषणे देतात. वेरोनिका ते ऐकत असते. तात्याना सामोयलोवाचा तेव्हाचा चेहरा पाहिला आणि मला एकदम आमचे घर आठवले.

माझे थोरले आजोबा डिसेंबर 1971 च्या युद्धात कामी आले. त्यांचा फोटो सोप्यात आहे. फोटोला हार आहे, वर्षश्राद्ध आहे. परंतु त्यांच्या पत्नीचे नाव घरात कोणी काढत नाही. तिने पुढे पाट लावला, एवढेच मी कुजबुजीतून ऐकले होते. तिच्याविषयी विचारावे असे मला कधी वाटलेही नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत भांडी घासता घासता आजीला विचारले. आजी बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “तार आली तवा जाऊबाई तुझ्याएवढ्याच व्हत्या. लग्नाला सा म्हैनं. मी लगीन हून आले तर रातभर गोधडीत तोंड खुपसून रडायच्या. गेल्या तवा समद्यांनी दारं लावून घेतली. मी परसदारानं जाऊन भाकरी बांधून दिली. तुझ्या आज्यालाबी आजवर सांगितलं न्हाई.”

माझ्याएवढी! म्हणजे एकोणीस वर्षांची. आणि मी हसले होते.

क्रौंचाच्या जोडीतला एक पडला तेव्हा मागे राहिलेल्या मादीच्या आक्रोशाने वाल्मीकींना शोक झाला, असे आपण शिकतो. त्यांनी तिला ‘तू किती दिवस रडलीस?’ असे विचारले नाही. चित्रपटाच्या शेवटी बोरिस परत येणार नाही हे वेरोनिकाला स्टेशनवर कळते. हातातली फुले ती परतलेल्या सैनिकांना वाटून टाकते आणि आकाशात पुन्हा क्रौंच दिसतात.

थोरली आजी अजून आहे, दोन कोसांवरच्या गावात. मे महिन्यात आजीला घेऊन तिच्याकडे जायचे आम्ही दोघींनी ठरवले आहे. वडिलांना अजून सांगितलेले नाही. या वेळी मात्र परसदाराने जायचे नाही.

(द्वितीय वर्ष, कला)