आम्ही घड्याळ पाहिले नाही

सकाळी चहा घेताना बाबांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. बडनेऱ्यातले शेजारी म्हणाले, "वारं गेलं, कबुतराचं रक्त चोळा." आम्ही चोळले. अमरावती जवळच, तरी पोचलो सायंकाळी. डॉक्टर म्हणाले, "उशीर केला."

मेंदूच्या नसेतली रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांत दिल्यास अपंगत्व टळू शकते, हे १९९५ साली अमेरिकेतील संशोधनाने दाखवले. २००८ च्या युरोपातील संशोधनाने ही मुदत साडेचार तासांवर नेली. पण आधी सिटी स्कॅन हवा. मेंदूत रक्तस्राव असल्यास तेच इंजेक्शन घातक.

बाबा आता डाव्या हाताने जेवतात. आमची नावे त्यांना उच्चारता येत नाहीत. बंधू-भगिनींनो, तोंड वाकडे दिसताच वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा.