क्रेटचं ठिगळ

आमच्या चौघांचा प्रकल्प बांबूपासून सुरू झाला. पर्यावरणपूरक वस्तूंचे विद्यार्थी-प्रकल्प बहुतेक बांबूपासूनच सुरू होतात. उरलेले उसाच्या चिपाडापासून. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली होती, पुण्यातल्या आमच्या डिझाइन कॉलेजात तिसऱ्या वर्षाला ‘प्लास्टिकला पर्याय’ असा विषय दिला होता, आणि गटातल्या ठाण्याच्या मैत्रिणीने पहिल्याच बैठकीत टोमॅटोसाठी बांबूच्या पेटीचं चित्र काढलं होतं. चित्र देखणं होतं. आता फक्त माप घ्यायचं बाकी होतं, म्हणून नारायणगाव गाठलं.

पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव बहुतेकांना तमाशामुळे माहीत. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. जवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र तबकड्या आहेत. पण टोमॅटोच्या हंगामात बाजार आवारात शिरलं की बाकी सगळं विसरायला होतं. पिकअपच्या मागे पिकअप, आणि प्रत्येकात वीस किलोचे प्लास्टिकचे क्रेट छातीच्याही वर रचलेले. शेतकरी त्याला ‘कॅरेट’ म्हणतात. भावही कॅरेटलाच बोलला जातो, त्यामुळे ते नुसतं भांडं नव्हे, मापही आहे.

एका हमालदादांना मोबाइलवर आमचं चित्र दाखवलं. त्यांनी मोबाइल सावलीत धरून नीट पाहिलं.

“ताई, हे धुयाचं कसं?”

मग पुढचे प्रश्न आले. गाडीवरून आदळलं तर काय? पावसात भिजून बुरशी धरली तर काय? बांबूचं एखादं कुसळ निघालं तर टोमॅटोची साल फाटणारच, आणि एक फुटला की खालचे चार खराब. पूर्वी माल करंड्यांतून आणि लाकडी खोक्यांतून जायचा, ते दिवस त्यांनी पाहिलेले होते. त्यांच्या आवाजात त्याबद्दल कसलीही हुरहुर नव्हती. क्रेटवर क्रेट नीट बसतो, खालच्या मालावर भार येत नाही, पाण्याचा फवारा मारला की स्वच्छ. आमच्या यादीत ज्या प्लास्टिकला पर्याय शोधायचा होता ते एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक होतं. हे तर वर्षानुवर्षं शेत ते बाजार फेऱ्या मारणारं. बांबूची पेटी एका हंगामात मोडली असती, तर हिरवं कोणाला म्हणायचं, यावर परतीच्या एसटीत आमची कडाक्याची भांडणं झाली.

भांडणात एकजण नव्हता. सांगलीचा आमचा मित्र, त्याच्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. बाजारात आम्ही मुलाखती घेत होतो तेव्हा तो गाळ्यामागे मोडक्या क्रेटच्या ढिगापाशी उकिडवा बसला होता. त्याने तिथून एक क्रेट मागून आणला होता. तो आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा नीट पाहिला: बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने मालकाचं नाव, उन्हाने भुरकटलेला लाल रंग, हातात धरायच्या खाचेची कड तुटलेली, आणि ती कोणीतरी बाइंडिंगच्या तारेने शिवलेली. तारेची टोकं आत वळलेली होती, म्हणजे जी दुरुस्ती झाली होती तीच मालाला टोचत होती. बाकीचा डबा धडधाकट होता. क्रेट मरतात ते बहुतेक कडेला आणि कोपऱ्याला.

तिथून विषय बदलला. नवी पेटी करायची नाही, हीच जगवायची.

हे प्लास्टिक म्हणजे एचडीपीई, त्याला डिंक धरत नाही. फेविक्विक, एपॉक्सी, सगळं वाळून पापडीसारखं सुटून आलं. हा त्या पदार्थाचा स्वभाव आहे, त्याच्या पृष्ठभागावर चिकटपदार्थ पसरतच नाही. ते धरतं फक्त उष्णतेने, आणि तेही स्वतःच्याच जातीला. मग भंगारात निघालेल्या क्रेटची भिंत कापायची, तिचं ठिगळ कडेवर ठेवायचं, सोल्डरिंगच्या जाड टोकाने दोन्ही मऊ करून एकात एक दाबायचं. १३० अंशांच्या आसपास ते वितळतं. घाई केली की धूर निघतो आणि जोड ठिसूळ होतो. उन्हात फार वर्षं काढलेला क्रेट तर ठिगळच घेत नाही, जोडाशेजारी नवी चीर जाते. काळे क्रेट जरा बरे निघाले, कारण त्यांच्यातला कार्बन ऊन अडवतो. जोड तपासायला ठिगळ लावलेले क्रेट वाळू भरून टेबलावरून पाडायचं काम माझं होतं आणि वसतिगृहातली खालच्या मजल्यावरची मुलं अजून मला त्यावरून ओळखतात.

वर्गात आम्हाला लोट्याचं कौतुक शिकवलं होतं. डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८च्या आपल्या भारतविषयक अहवालात लोट्याच्या घडणीवर फार सुंदर लिहिलं आहे. पण फुटक्या भांड्याला डाग देणारा आमच्या वर्गात कधी आला नाही.

परीक्षकांनी विचारलं, “तुमचं प्रॉडक्ट कुठे आहे?” टेबलावर ठिगळं लावलेले चार क्रेट होते. शेजारच्या गटाचा शेणाच्या मिश्रणातला दिवा होता, छान उजळत होता. आम्ही हिशोब मांडला: नव्या क्रेटच्या किमतीतून मोडक्याचे भंगारातले पैसे वजा करा, दुरुस्ती त्या फरकाच्या बरीच खाली बसली तरच शेतकरी ती करेल. हिशोब त्यांना पटला, वस्तू पटली नाही. मार्क मधले मिळाले, चौघांना सारखे. नंतरच्या अर्जात प्रत्येकाने स्वतःचा वाटा टक्क्यांत लिहायचा होता. सांगलीकराने सादरीकरणात तोंड उघडलं नव्हतं. आम्ही तिघांनी न ठरवता त्याचा वाटा सर्वात मोठा लिहिला आणि त्याने स्वतःचा पंचवीस लिहिला. बेरीज जुळेना म्हणून कार्यालयाने अर्ज परत पाठवला.

बाजाराजवळच्या पंक्चरवाल्याला आम्ही ठिगळ लावायची पद्धत शिकवून आलो होतो. त्याने कोपऱ्यांची दुरुस्ती साफ नाकारली, वेळ फार जातो म्हणून. तो फक्त हातधरीची कड करतो, सोल्डरिंगच्या टोकाऐवजी ट्यूब चिकटवायच्या तापल्या पत्र्याने, आणि दोन बाजूंचे पैसे वेगळे घेतो.